तीन किल्ले, दोन कुत्री आणि एकच दिवस

पत्र : नमस्कार. आम्ही जुळे सोलापुरात राहतो. आम्ही दोघं, सहावीतला मुलगा, मामंजी आणि दोन कुत्री असं आमचं घर. बिजली ही अडीच वर्षांची, कारवानी जातीची, मंगळवेढ्याकडच्या एका वस्तीवरून आणलेली. गब्बू लॅब्रॅडॉर, दहा वर्षांचा, वजन ३८ किलो. नाताळच्या सुट्टीत एक दिवस किल्ल्यांवर जायचं चाललंय. मिस्टरांचा बेत असा : सकाळी आपला भुईकोट, मग नळदुर्ग, तिथून परांडा. नाहीतर सरळ साताऱ्याच्या अंगाला जाऊन महिमानगड आणि वर्धनगड असे दोन डोंगरी किल्ले एकाच दिवसात. कुत्री दोन्ही बरोबर. मामंजी म्हणतात, महाराजांच्या गडावर कुत्री नेणं शोभत नाही. यावरून चार दिवस घरात अबोला आहे. कुत्र्यांना घरात कोंडून जायला माझं मन होत नाही. काय करू? ता. क. : मुलगा विचारतोय, वर बिजलीला भाकरी आणि शेंगाचटणी चालेल का?

ताई,

आधी निकाल सांगतो, कारणं मागाहून. डोंगरावरचा किल्ला एकच करा आणि दुपारच्या आत खाली या. बिजलीला न्या, गब्बूला नेऊ नका. मामंजींना मात्र नक्की न्या.

आता मिस्टरांचा पहिला बेत. त्यातला पहिला किल्लाच बाद होतो. सोलापूरचा भुईकोट केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. अशा संरक्षित स्मारकांना १९५९ चे नियम लागू आहेत. स्मारकाच्या देखभालीखेरीज दुसऱ्या कुठल्याही कारणासाठी आत प्राणी आणायला त्यात मनाई आहे. कुत्रं कितीही गुणी असो, साखळी कितीही आखूड असो. हे मला वाचून नव्हे, दारावर उभं राहून कळलं. काही वर्षांपूर्वी एका संरक्षित किल्ल्याच्या दारातून आमच्या कुत्र्याला, खंड्याला, परत फिरवलं. पहारेकऱ्याचं काही चुकलं नव्हतं, चौकशी न करता गेलो ते आम्हीच. मग काय, दोन तास मी किल्ल्यात आणि बायको झाडाखाली खंड्याबरोबर. परत आलो तेव्हा ती एवढंच म्हणाली, ‘झाला का बघून?’ त्या तीन शब्दांचं वजन अजून आठवतं. तेव्हापासून कुठेही जायच्या आधी मी फोन करतो, आणि फोन नसेल तर दारावरचा खात्याचा फलक वाचल्याशिवाय गाडीतून कुत्रं उतरवत नाही.

नळदुर्ग आपल्यापासून ४५ किलोमीटरवर, हैदराबाद रस्त्याला. राज्य संरक्षित स्मारक आहे, तिकीट आहे, सुट्टीत गर्दी आहे. तिथे कुत्रं नेण्याच्या मी विरुद्ध आहे आणि कारण फक्त नियमाचं नाही. नळदुर्गात जायचं ते पाणीमहाल बघायला. बोरी नदीवर दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली बांधलेला बंधारा आणि त्याच्या पोटातला महाल. खाली उतरायच्या पायऱ्या अरुंद आहेत, आत आवाज घुमतो आणि समोरून शाळेची सहल आली की भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं. तिथे ३८ किलोचा गब्बू घेऊन उभं राहायची कल्पना करून बघा. नळदुर्ग पावसाळ्यात करा, नर-मादी धबधबे वाहत असताना, आणि कुत्र्यांशिवाय करा. परांडा तर बार्शीच्या पलीकडे. म्हणजे सकाळी पूर्वेला ४५ किलोमीटर जायचं, तेवढंच परत यायचं आणि मग उलट्या दिशेला शंभराच्या आसपास. मिस्टरांनी हा बेत नकाशा समोर ठेवून आखलेला दिसत नाही. दिवसभर गाडीत काढायचा आणि त्याला किल्ल्यांची सहल म्हणायचं, हे कुत्र्यांना पटेल असं वाटत नाही.

परांड्याच्या वाटेवर नान्नज लागतं, म्हणून एक गोष्ट इथेच सांगतो. ‘आलोच आहोत तर माळढोक अभयारण्यात पाच मिनिटं कुत्री मोकळी सोडू,’ असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. त्या गवताळ माळावर लांडगे आहेत. पाळीव आणि भटक्या कुत्र्यांकडून डिस्टेंपर हा विषाणूचा आजार आणि रेबीज लांडग्यांत जातो, आणि तिथे त्यांना कोण लस टोचणार? साताऱ्याकडच्या माण तालुक्यातल्या माळरानालाही हेच लागू. बिजलीच्या लसी पुऱ्या असणं तिच्यासाठी जेवढं गरजेचं, तेवढंच तिने ज्या रानातून जायचं त्या रानासाठी. लसीकरणाचं कार्ड गाडीत ठेवा.

तर उरला दुसरा बेत. सोलापूर जिल्ह्यातले नाव घेण्यासारखे किल्ले सगळे भुईकोट. आपला, मंगळवेढा, करमाळा, माचणूर, सगळे सपाटीवर. डोंगर चढायचा तर पंढरपूर ओलांडून माणदेशात शिरावं लागतं. म्हसवड, गोंदवलं, दहिवडी असं करत गेलं की दहिवडीच्या पुढे महिमानगड आणि पुसेगाव ओलांडलं की घाटाच्या तोंडाशी वर्धनगड. दोन्ही एकाच रस्त्याला असल्यामुळे ‘दोन्ही करू’ हा मोह होतो. मलाही झाला होता. करू नका. पहिला उतरून खाली याल तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं असेल आणि दुसरा चढायची वेळ नेमकी त्या उन्हातली.

दोहोंतला महिमानगड घ्या. वर्धनगड सुंदरच आहे. त्याचा तो वळसा घेऊन आत शिरणारा गोमुखी दरवाजा बघत राहावा असा. पण वर वर्धनीमातेचं देऊळ आहे, त्यामुळे भाविकांची येजा असते. अनवाणी चढणाऱ्या बायका, कडेवरची पोरं. अरुंद वाटेवर समोरून अनोळखी कुत्रं आलं की त्या आया पोराला छातीशी धरून कड्याच्या बाजूला सरकतात. ते मला बघवत नाही. महिमानगड त्या मानाने निवांत. पायथ्याचं गाव लहान आहे, तिथून माणूस अर्ध्यापाऊण तासात वर जातो आणि सोलापूरहून तो थोडा अलीकडेही पडतो. गावात शिरताना काच खाली करून कोणाला तरी विचारा, ‘कुत्रं घेऊन वर गेलं तर चालेल का?’ विचारलेलं गावाला आवडतं. शिवाय वरची खबरही मिळते : वाट कुठून बरी आहे, बुरुजाला आग्या मोहोळ लागलंय का, मेंढरं कुठे चरतायत. मोहोळ असेल त्या अंगाला फिरकायचंच नाही. भुंकणं, अत्तराचा वास, शेकोटीचा धूर यातलं काहीही त्यांना उठवायला पुरतं, आणि तटावर पळायला जागा नसते.

निघायचं पहाटे चारला. दीडशे किलोमीटरच्या वर अंतर आहे आणि दर दोन तासांनी बिजलीला उतरवायचं आहे, म्हणजे साडेसात-आठला पायथा. अकराच्या आत खाली. कार्तिकी एकादशी तोवर होऊन गेलेली असते, त्यामुळे पंढरपुरात अडकणार नाही. पण पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा डिसेंबर-जानेवारीच्या सुमाराला येते. त्या दिवसांत दहिवडी-पुसेगाव रस्ता गाड्या आणि जनावरांनी भरलेला असतो. तारीख बघूनच दिवस ठरवा.

‘डिसेंबरात कसलं ऊन?’ असं मिस्टर म्हणतील. सोलापूरच्या माणसाला मे महिन्याचं ४२-४३ अंश हेच ऊन वाटतं, बाकी सगळी थंडी. कुत्र्याचं गणित वेगळं असतं. त्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणं हाच त्याचा पंखा. किल्ल्यावरचा काळा पाषाण दहा वाजल्यापासून तापायला लागतो आणि त्यावर आपण बूट घालून चालतो, ती अनवाणी. तुमच्या हाताची मागची बाजू दगडावर टेकवा आणि सात आकडे मोजा. सातपर्यंत हात ठेववला नाही, तर तिचे तळवेही तिथे ठेवायचे नाहीत. निरोगी कुत्र्याचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. ते १०४ च्या वर गेलं की धोका सुरू. लक्षणं ओळखायला थर्मामीटर लागत नाही. धाप सावलीत बसल्यावरही थांबत नाही, जीभ गडद लाल होते, लाळ दाट चिकट होते, चाल झोकांड्या खाते. असं दिसलं तर सावली, अंगभर साधं पाणी, टॉवेलने किंवा टोपीने वारा आणि तडक डॉक्टर. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, तो लगेच गरम होतो आणि गोधडीचं काम करतो. तोंडात जबरदस्तीने पाणी ओतायचं नाही.

पाणी किती न्यायचं हे मला सगळेच विचारतात. घरात पडून असलेल्या कुत्र्याला दिवसाला किलोमागे साधारण ५० ते ६० मिलिलिटर लागतं. बिजली २५ किलोची धरली तर दीड लिटर. चढायच्या दिवशी दुप्पट. म्हणजे तीन लिटर फक्त तिचं, तुमचं वेगळं. घोट घोट द्यायचं, दर दहा-पंधरा मिनिटांनी. किल्ल्यावरच्या टाक्यातलं पाणी तिला पाजू नका. त्यात उतरू तर अजिबात देऊ नका. साचलेल्या पाण्यातून लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंचा आजार, होऊ शकतो हे एक. दुसरं म्हणजे कुणी गुराखी, कुणी ट्रेकर ते पाणी पितो.

आता बिजलीबद्दल. कारवानी म्हणजे ज्याला कर्नाटकात मुधोळ हाउंड म्हणतात तेच. २००५ मध्ये टपाल खात्याने देशी कुत्र्यांची तिकिटं काढली त्यात हिच्या जातीचंही होतं, हे मुलाला सांगा, खूश होईल. उन्हात ती गब्बूपेक्षा केव्हाही बरी. अंगावर चरबी नाही, लव आखूड, पाय हरणासारखे. तिचा धोका उन्हाचा नाही, डोळ्यांचा आहे. ही वासावर नव्हे, नजरेवर शिकार करणारी जात. समोरून ससा सुटला की हिचे कान बंद होतात. तुम्ही ‘बिजली, बिजली’ म्हणून घसा कोरडा करा, ती ऐकत नाही. म्हणजे न ऐकण्याचा हट्ट नसतो तो, तिला खरंच ऐकू येत नसावं असं मला वाटत आलंय. सपाट माळावर हे ठीक. किल्ल्यावर ससा ढासळलेल्या तटाच्या फटीतून पलीकडे जातो, त्याला वाट ठाऊक असते. मागून सुटलेल्या कुत्र्याला पलीकडे काय आहे ते फट ओलांडल्यावर कळतं.

म्हणून वर एक क्षणही मोकळी सोडायची नाही. फोटोसाठीसुद्धा नाही. आणि साधा गळपट्टा चालणार नाही. कारवान्याची मान जवळजवळ डोक्याएवढीच जाड असते. मागे रेटा दिला की पट्टा कानावरून सरकून निघतो आणि तुमच्या हातात रिकामी साखळी उरते. छातीवरून आणि पोटामागून असे दोन पट्टे येणारा हार्नेस घ्या आणि घरी आठ दिवस घालून फिरवा. सहलीच्या पहाटे नवा हार्नेस काढू नका, काखेत घासतो. दोरी दोन मीटरची पुरे. खटका दाबला की लांब सुटणारी दोरी डोंगरावर नको.

मेंढरं दिसली की थांबायचं. माण म्हणजे धनगरांचा मुलूख, कळपाबरोबर त्यांची कुत्री असतातच आणि ती तुमच्या बिजलीशी खेळायला येत नाहीत, कामावर असतात. दोरी आखूड करा, धनगराला हाक मारा, तो सांगेल त्या अंगाने वळसा घालून जा. बिजलीला उचलून घ्यायचा मोह आवरा. हातातल्या कुत्र्यावर उड्या पडतात आणि चावा तुम्हाला बसतो.

याच महिमानगडावर आमच्या खंड्याने मला एक धडा दिला, तो जरा सविस्तर सांगतो, कारण ही गोष्ट कोणी सांगत नाही. पाऊस संपला की आपल्याकडचं डोंगराचं गवत पिकून सोनेरी होतं आणि त्याला कुसळं येतात. पायजम्याला, मोज्याला अडकतात ती. नोव्हेंबरात गेलो होतो. उतरल्यावर खंड्याच्या अंगावरची कुसळं मी हाताने झाडली, पोटाखाली बघितलं, झालं म्हटलं. आठवड्याने तो पुढचा डावा पंजा सारखा चाटायला लागला. बोटांच्या मधे द्राक्षाएवढा फुगवटा, वरून लालसर. मला वाटलं काटा मोडला असेल, मिठाच्या पाण्यात शेकवलं. दोन दिवसांत त्याला भोक पडून पाणी यायला लागलं. डॉक्टरांनी भूल देऊन चिरलं आणि चिमट्याने एक कुसळ बाहेर काढलं. पाऊण इंचाचं, टोकाला सुईसारखं, शेपूट अजून पिळलेलं. ते ट्रेमध्ये ठेवून ते म्हणाले, ‘हे मागे येत नाही, पुढेच सरकतं.’ कुसळाच्या टोकावरची बारीक लव उलट्या बाजूची असते. जनावर हललं की ते आत आत जातं. बोटांच्या बेचक्यात, कानात, पापणीखाली, नाकात, काखेत.

म्हणून खाली उतरल्यावर गाडीत चढवायच्या आधी वीस मिनिटं राखून ठेवा. चादर अंथरा, तिला आडवी करा. चारही पंजे, प्रत्येक बोट वेगळं करून. कान उलटून. ओठ वर करून हिरड्या. शेपटीखाली. बिजलीची लव आखूड असल्यामुळे काम सोपं आहे, पण बोटांच्या बेचक्या आखूड लवेच्या कुत्र्यालाही असतातच. सराटे असतील तर तळव्यात रुतलेले सापडतील, ते चिमट्याने सरळ ओढा. गोचिडाला टोकदार चिमट्याने कातडीच्या अगदी लगत धरून हळू ओढायचं. रॉकेल, तंबाखूचं पाणी, जळती काडी असले घरगुती उपाय नकोत. आणि गाडीत ती डोकं झटकायला लागली, एकसारखी शिंकायला लागली किंवा एक डोळा मिटून बसली, तर घरी जाऊन बघू असं न म्हणता दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

खाण्याचं : पहाटे निघताना पोटभर देऊ नका. खोल छातीच्या कुत्र्यांना भरल्या पोटी धावपळ झाली तर पोट फुगून त्याला पीळ पडू शकतो, आणि त्यात जीव जातो. थोडं निघण्याआधी, मुख्य जेवण उतरून तासभर आराम झाल्यावर. दुखलंखुपलं तर तुमच्या पर्समधली डोकेदुखीची गोळी तिला द्यायची नाही. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन दोन्ही कुत्र्यांना बाधतात. जेवायला थांबाल तेव्हा तिला बंद गाडीत ठेवू नका, काच चार बोटं उघडी ठेवूनही नको. गाडी दहा मिनिटांत दहा अंशांनी तापते.

आता गब्बू. ताई, तुमच्या पत्रात त्याचं वय आणि वजन तुम्ही आपणहून लिहिलंत. उत्तर तुम्हाला माहीत होतं, फक्त दुसऱ्या कोणीतरी म्हणायला हवं होतं. दहा वर्षांचा लॅब्रॅडॉर म्हणजे आजोबा. ३८ किलो म्हणजे चार-पाच किलो जास्तच. तो तुमच्यामागे चढेल, हे खरं. लॅब्रॅडॉर नाही म्हणत नाही, तोच तर त्याचा दोष. कंबर दुखत असली तरी शेपूट हलवत पायरी चढेल आणि अर्ध्या वाटेवर बसेल. मग त्याला उचलून खाली कोण आणणार? मिस्टर? चढताना कुत्र्याचा भार मागच्या पायांवर येतो आणि उतरताना पुढच्या सांध्यांवर. म्हाताऱ्या कुत्र्याला उतरणं जास्त त्रासाचं. घरी बसताना त्याला वेळ लागतो का, उठताना पहिली चार पावलं आखडलेली असतात का, हे आठवडाभर बघा.

‘पायथ्याशी गाडीजवळ ठेवू’ हेही नको. म्हणजे एकाने खाली राहायचं आणि ते काम तुमच्याच वाट्याला येणार, हे मी पैजेवर सांगतो. त्यापेक्षा त्या दिवशी त्याला त्याच्या ओळखीच्या माणसाकडे, त्याच्या रोजच्या गोधडीसकट ठेवा आणि त्याची सहल वेगळी काढा. माचणूरला जा. मंगळवेढा रस्त्याला बेगमपूरजवळ, भीमेच्या काठावर. १६९५ पासून चार वर्षं औरंगजेबाची छावणी इथे होती. मराठे चारी अंगांनी पळवत होते आणि हा नदीकाठी तळ देऊन बसलेला. मुलाला ती गोष्ट सांगा. गडकोटात आणि सिद्धेश्वराच्या देवळात कुत्रं नेऊ नका, काठाकाठाने सावलीत चाला. ना चढ ना उतार. गब्बू अर्धा तास वास घेईल, अर्धा तास झोपेल. दहा वर्षांच्या कुत्र्याला याहून जास्त काय हवं असतं?

राहिले मामंजी. चार दिवसांचा अबोला कुत्र्यांमुळे झालेला नाही असा माझा अंदाज आहे. बेत ठरला तेव्हा त्यांना कोणी विचारलं नसणार. पण त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे आणि ते आधी मान्य करा. समाधीच्या दगडाला पाय वर करणारं कुत्रं, देवळाच्या ओट्यावर बसलेलं कुत्रं, तटाखाली तशीच टाकून दिलेली घाण : हे मी स्वतः पाहिलंय आणि मला मालकाचा राग आला होता, कुत्र्याचा नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे मराठी राज्यकारभारावरच्या जुन्या ग्रंथात, गडाबद्दल ज्या ताकिदी आहेत त्यांत गडावर केरकचरा पडू देऊ नये ही एक आणि पाणी जपावं ही दुसरी. मामंजींना म्हणा, या दोन ताकिदी आम्ही पाळतो, मग चालेल का? विष्ठा उचलायच्या पिशव्या न्या, गाठ मारा आणि ती पिशवी खाली घेऊन या. झुडपावर अडकवून ‘उतरताना घेऊ’ म्हणालेली पिशवी कोणीही उतरताना घेत नाही. मारुतीच्या देवळाशी एकाने दोरी धरून लांब उभं राहायचं, बाकीच्यांनी दर्शन घ्यायचं, मग पाळी बदलायची.

धर्माचा मुद्दा काढलाच तर वाद घालू नका. अक्कलकोटच्या वाटेवर राहणाऱ्या माणसाला दत्ताच्या पायाशी किती कुत्री असतात हे तुम्ही सांगायची गरज नाही. बाळे इथल्या खंडोबालाही ते जाऊन आलेले असतीलच. त्यांचं त्यांना आठवू द्या. त्यापेक्षा त्यांच्याकडे एक काम द्या. किल्ल्याची माहिती सांगायची जबाबदारी त्यांची. नातवाने विचारायचं, त्यांनी सांगायचं. चढवेल तिथपर्यंत चढतील, नाहीतर गावातल्या पारावर बसतील. तिथे त्यांच्या वयाची चार माणसं भेटतील आणि तुम्ही खाली याल तेव्हा त्यांना गावाचा दुष्काळ, पाणी आणि कोणाचा मुलगा मुंबईला कुठे कामाला आहे हे सगळं तोंडपाठ असेल. परतताना गाडीत अबोला राहिला तर मला कळवा.

मिस्टरांना वाईट वाटेल तीनाचा एक झाला म्हणून. वर्धनगड त्यांना गाडीतून दिसेल असं सांगू नका, मग ते ‘पाच मिनिटं’ म्हणून तिकडे गाडी वळवतील. महिमानगडाच्या पायथ्याहून तोंड थेट दहिवडीकडे करायचं.

आणि चिरंजीवांच्या प्रश्नाचं उत्तर : भाकरी चालेल. ज्वारीची, कोरडी, कडकसुद्धा चालेल, बिजली तर मंगळवेढ्याची आहे, तिला ज्वारी नवी नाही. चटणी नको. त्यात लसूण असतो आणि लसूण-कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मोडतो. वर तिखट. सुट्टीत कोणी द्राक्षं किंवा बेदाणे बरोबर घेतले तर त्याची पिशवीही तिच्या नाकापासून लांब, त्याने मूत्रपिंडं जाऊ शकतात. भाकरीचा तुकडा त्याने स्वतःच्या ताटातून, चटणी न लागलेल्या बाजूने मोडून द्यावा. ती बाजू आधी कोणती ते बघून ठेव म्हणावं.